ताम्रसृतीचा वाद आणि क्ष-किरणांची साक्ष : केंभावी-नारळीकर यांच्या 'क्वासार्स अँड अ‍ॅक्टिव्ह गॅलॅक्टिक न्यूक्लिआय' या ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

काही ग्रंथांचे प्रकाशनवर्षच त्यांच्या मूल्यमापनाचा भाग होऊन बसते. अजित केंभावी आणि जयंत नारळीकर यांचा 'क्वासार्स अँड अ‍ॅक्टिव्ह गॅलॅक्टिक न्यूक्लिआय' हा इंग्रजी पाठ्यग्रंथ केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २३ जुलैला 'चंद्रा' ही अमेरिकी क्ष-किरण दुर्बीण आणि १० डिसेंबरला 'एक्सएमएम-न्यूटन' ही युरोपीय दुर्बीण अवकाशात गेली. सक्रिय दीर्घिकांविषयीचे ज्ञान ज्या साधनांनी पुढील पंचवीस वर्षे घडवले, त्यांची निरीक्षणे हाती येण्याच्या अगदी उंबरठ्यावर हा ग्रंथ लिहून पूर्ण झाला. परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटण्याच्या आदल्या रात्री लिहिलेली उत्तरपत्रिका असेच त्याचे वर्णन करावे लागेल. म्हणूनच तो आज तपासून पाहण्याजोगा आहे.

दुसरेही कारण आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर मराठीत त्यांच्याविषयी जे लेखन झाले, त्यात विज्ञानकथाकार, संस्थापक आणि अंधश्रद्धाविरोधक या त्यांच्या तीन रूपांचा यथोचित गौरव झाला. मात्र खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी आयुष्यभर जी अल्पमताची बाजू लढवली, तिच्याविषयी बहुतेक लेखन एक-दोन वाक्यांत थांबते. महास्फोटाला आव्हान देणारा बंडखोर, एवढे म्हटले की काम भागते. ते आव्हान टिकले की नाही, आणि टिकले नसेल तर कोणत्या पुराव्यापुढे, हा प्रश्न आदरापोटी बाजूला ठेवला जातो. वैज्ञानिकाचा असा आदर करणे म्हणजे त्याला वैज्ञानिक न मानणे होय. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रात, सक्रिय दीर्घिकांच्या क्ष-किरण निरीक्षणांच्या संदर्भात विचारला आहे.

एक ग्रंथ, दोन भूमिका

सर्वसाधारण दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे तिच्यातील अब्जावधी ताऱ्यांच्या प्रकाशाची बेरीज. सक्रिय दीर्घिकेत मात्र मध्यभागीचा एक अतिलहान भाग उरलेल्या साऱ्या दीर्घिकेइतका, कधी तिच्या शेकडो पट प्रकाश टाकतो. क्वासार हा या कुळातील सर्वांत तेजस्वी प्रकार. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी '३सी २७३' या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूच्या वर्णपटातील रेषा १५.८ टक्क्यांनी तांबड्या टोकाकडे सरकल्याचे ओळखले. ही ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळे असेल, तर तो बिंदू दोन अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास दूर असला पाहिजे, आणि इतक्या दुरून दिसण्यासाठी त्याची दीप्ती अफाट असली पाहिजे. सारा वाद या 'असेल तर' मध्ये आहे.

ग्रंथाची मांडणी पाठ्यपुस्तकाला साजेशी आहे. किरणोत्सर्जनाच्या प्रक्रिया, कृष्णविवराभोवतीच्या वायूची चकती, सर्वेक्षणे, रेडिओ व क्ष-किरण गुणधर्म, उत्सर्जन आणि शोषण रेषा अशा क्रमाने विषय पुढे जातो. हे सर्व विवेचन ताम्रसृती प्रसरणजन्य आहे असे मानूनच केले आहे. ग्रंथाच्या अखेरीस मात्र ताम्रसृतीविषयीच्या वादांना स्वतंत्र जागा दिलेली आहे. या विषयावरील दुसऱ्या पाठ्यग्रंथांत हा वाद इतिहासाची तळटीप म्हणून येतो किंवा येतच नाही. येथे तो विद्यार्थ्यापुढे उघडपणे ठेवला आहे.

या रचनेमागे दोन लेखकांची दोन भिन्न वाटचाल आहे. केंभावी यांनी ए. सी. फेबियन यांच्यासमवेत १९८२ मध्ये क्वासार आणि क्ष-किरणांची वैश्विक पार्श्वभूमी यांचा संबंध तपासणारा निबंध लिहिला. १९८६ मध्ये एरिक फायगेल्सन आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. पी. सिंग यांच्यासह, 'आइन्स्टाइन' या उपग्रहाची निरीक्षणे वापरून, त्यांनी दाखवले की रेडिओ क्वासारांच्या गाभ्यातून येणारी रेडिओ दीप्ती आणि त्यांची क्ष-किरण दीप्ती यांत निकटचा संबंध आहे. (हेच सिंग पुढे 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वरील मृदू क्ष-किरण दुर्बिणीच्या उभारणीत अग्रभागी होते.) केंभावींची ही सगळी वाट मुख्य प्रवाहातली आहे.

नारळीकरांची वाट दुसरी. १९७४ मध्ये के. एम. व्ही. अप्पाराव आणि नरेश दधिच यांच्यासमवेत त्यांनी 'नेचर'मध्ये अशी कल्पना मांडली की उच्च ऊर्जेच्या किरणांचा उगम श्वेतविवरांत, म्हणजे वस्तुमान गिळणाऱ्या नव्हे तर बाहेर फेकणाऱ्या स्थानांत असू शकेल. योगायोग असा की त्याच १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेऊन त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या कथेचे शीर्षक 'कृष्णविवर' होते. प्रयोगशाळेत श्वेत आणि कथेत कृष्ण, असा हा मामला. १९८० मध्ये पी. के. दास यांच्यासह त्यांनी पुढचे पाऊल टाकले. क्वासार हे जवळच्या दीर्घिकांतून बाहेर फेकले गेले असतील आणि नव्याने निर्माण झालेल्या पदार्थातील कणांचे वस्तुमान आरंभी कमी असेल, तर त्यांच्या वर्णरेषा आपोआपच तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतील, असे त्यांचे गणित होते. १९९० मध्ये आर्प, बर्बिज, हॉईल आणि विक्रमसिंघे यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्येच विश्वाचे पर्यायी चित्र मांडले.

दोन भूमिकांचे दोन लेखक एका मुखपृष्ठाखाली येतात तेव्हा सहसा एक भूमिका दुसरीत विरघळते. येथे तसे झालेले नाही, हे ग्रंथाचे पहिले यश. पण त्याची किंमतही मोजावी लागली आहे. वादाचे विवेचन शेवटी गेल्यामुळे आधीच्या प्रकरणांतील पुरावा त्या वादाच्या निकालासाठी कसा वापरावा, हे विद्यार्थ्याला स्वतःच जोडून घ्यावे लागते. नेमका हा जोडण्याचा भाग क्ष-किरण निरीक्षणांनी पुढे पूर्ण केला.

जमिनीवर न पोचणारा प्रकाश

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) प्राध्यापकवर्गाला खोडदची रेडिओ दुर्बीण अपरिचित नाही. जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच, जुन्नर तालुक्यात, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या पसरल्या आहेत. रेडिओ लहरी वातावरण भेदून शेतात उतरतात, म्हणून हे शक्य झाले. क्ष-किरणांचे तसे नाही. वातावरणातील अणू त्यांना वरच्यावर शोषून घेतात. म्हणून क्ष-किरण खगोलशास्त्राचा जन्म अग्निबाणावर झाला. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मिनिटांच्या उड्डाणात सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत आणि सर्व दिशांनी येणारी एक मंद पार्श्वभूमी यांची नोंद केली. जियाकोनी यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये 'उहुरू', १९७८ मध्ये 'आइन्स्टाइन', १९९० मध्ये 'रोसॅट', १९९३ मध्ये जपानचा 'आस्का' अशी ही मालिका. केंभावी-नारळीकरांपुढे होती ती येथपर्यंतची सामग्री.

सक्रिय दीर्घिकांच्या बाबतीत क्ष-किरणांचे विशेष मोल असे की ते अगदी आतल्या भागातून येतात. अनेक सक्रिय दीर्घिकांची क्ष-किरण दीप्ती काही तासांत लक्षणीय बदलते. एखादा स्रोत एका तासात बदलत असेल तर, ढोबळ मानाने, त्याचा आकार प्रकाश एका तासात जेवढे अंतर कापतो त्याहून फार मोठा असू शकत नाही. हे अंतर पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतराच्या सुमारे सात पट भरते. सूर्याच्या दहा कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या त्याच मापाने सुमारे दोन पट. म्हणजे दीर्घिकेएवढी ऊर्जा ग्रहमालेएवढ्या जागेतून येते. अणुसंमीलनात वस्तुमानाच्या सातशतांश टक्के नव्हे, तर सात दशांश टक्के ऊर्जा मिळते; कृष्णविवराकडे घरंगळणाऱ्या वायूतून मात्र सहा टक्क्यांपासून, विवर वेगाने फिरत असेल तर, चाळीस टक्क्यांपर्यंत मिळू शकते. कृष्णविवराची कल्पना खगोलशास्त्रज्ञांनी हौसेने स्वीकारलेली नाही. हिशोबाने ती त्यांच्या गळ्यात घातली.

येथे अल्पमताच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. हा हिशोब पहिल्यांदा त्यांनीच विरोधी युक्तिवाद म्हणून मांडला होता. १९६६ मध्ये हॉईल, बर्बिज आणि सार्जंट यांनी दाखवले की क्वासार खरोखरच इतके दूर आणि इतके लहान असतील, तर त्यांतील किरणोत्साराची दाटी इतकी होईल की नेहमीचे भौतिकशास्त्र कोलमडेल. तेव्हा ते जवळच असले पाहिजेत. उत्तर आले ते वेगळ्या दिशेने. प्रकाशवेगाच्या जवळपास वेगाने आपल्या दिशेला येणारे झोत मानले की अडचण सुटते, आणि असे झोत पुढे रेडिओ निरीक्षणांत प्रत्यक्ष दिसले. १९८६ च्या केंभावी आणि सहकाऱ्यांच्या निबंधातील रेडिओ व क्ष-किरण यांचा संबंध याच झोतांशी जोडला जातो. विरोधकांनी दाखवलेल्या भेगेतून मुख्य सिद्धांत अधिक समृद्ध होऊन बाहेर पडला. अल्पमताने येथे विज्ञानाचे भले केले, यात संशय नाही.

जवळिकीचा पुरावा

वादाचा गाभा आकाशातील जवळिकीत आहे. हॅल्टन आर्प यांनी अनेक वर्षे अशा जोड्या गोळा केल्या की ज्यांत कमी ताम्रसृतीच्या दीर्घिकेशेजारी जास्त ताम्रसृतीचा क्वासार दिसतो. दोन्ही खरोखर शेजारी असतील, तर ताम्रसृती अंतर दाखवत नाही. १९९० नंतर या पुराव्यात क्ष-किरणांनी मोठी भर घातली, ही बाब मराठीतील लेखनात जवळपास कोठेच येत नाही. 'रोसॅट'ने 'एनजीसी ४२५८' या सक्रिय दीर्घिकेच्या दोन बाजूंना दोन ठळक क्ष-किरण स्रोत दाखवले. १९९५ मध्ये मार्गारेट बर्बिज यांनी त्यांचे वर्णपट घेतले, तेव्हा ते ०.४० आणि ०.६५ ताम्रसृतीचे क्वासार निघाले. जणू दीर्घिकेने दोन्ही हातांनी ते भिरकावले होते. २००५ मध्ये 'चंद्रा'ने दाखवलेल्या एका तेजस्वी क्ष-किरण बिंदूचा माग काढता 'एनजीसी ७३१९' या दीर्घिकेच्या केंद्रापासून अवघ्या आठ कोनीय सेकंदांवर २.११ ताम्रसृतीचा क्वासार सापडला. स्टीफनचे पंचक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहातील ही दीर्घिका. तिची स्वतःची ताम्रसृती ०.०२२ च्या आसपास.

चित्र प्रभावी आहे. पण चित्राचा प्रभाव आणि पुराव्याचे वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. 'एनजीसी ७३१९'चा हिशोब पदवीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो. आठ सेकंद त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेकंद, आणि एका चौरस अंशात १ कोटी २९ लाख ६० हजार चौरस सेकंद असतात. २२ व्या प्रतीपर्यंतचे क्वासार दर चौरस अंशात शंभराच्या आसपास आढळतात. गुणाकार केला तर अशा वर्तुळात केवळ योगायोगाने क्वासार पडण्याची शक्यता सुमारे साडेसहाशेत एक येते. एकाच दीर्घिकेबद्दल ही शक्यता नगण्य वाटते. पण जवळच्या तेजस्वी दीर्घिका हजारोंच्या संख्येने आहेत, आणि त्यांतील बहुतेकींवर कोणती ना कोणती दुर्बीण रोखली गेलेली आहे. साडेसहाशे घरांत एक विलक्षण पाहुणा सापडावा, ही अपेक्षितच गोष्ट ठरते.

'चंद्रा'च्या खोल निरीक्षणांनी या युक्तिवादाला आणखी आधार दिला. दक्षिण आकाशातील एका लहान तुकड्यावर या दुर्बिणीने एकूण सुमारे ७० लाख सेकंद नजर रोखली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत त्या तुकड्यातून १००८ स्रोत नोंदले गेले. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या दोन-तृतीयांश क्षेत्रात हजार स्रोत, आणि त्यांतील बहुसंख्य सक्रिय दीर्घिका! १९६२ मध्ये जियाकोनींना दिसलेली पार्श्वभूमी प्रामुख्याने याच बिंदूंची बेरीज आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. अर्थात या संख्येचा उपयोग सरधोपट करता येत नाही. 'रोसॅट'ला दिसलेले 'एनजीसी ४२५८' शेजारचे स्रोत बरेच ठळक होते, आणि ठळक स्रोत विरळ असतात. तेव्हा तुलना समान तेजाच्या स्रोतांशीच व्हायला हवी. तरीही मूळ मुद्दा कायम राहतो : क्ष-किरणांत आकाशाचा पडदा रिकामा नाही, तो सक्रिय दीर्घिकांनी ठिपक्याठिपक्यांनी भरलेला आहे, आणि त्याच्यापुढे कोणतीही दीर्घिका धरली तरी काही ठिपके तिच्या शेजारी येणारच. २००५ मध्येच सु मिन तांग आणि शुआंग नान झांग यांनी स्लोन सर्वेक्षणातील मोठ्या नमुन्यावर हाच प्रश्न विचारला, तेव्हा दीर्घिका आणि क्वासार यांच्यातील अपेक्षित भौतिक संबंधाचा मागमूस आढळला नाही.

नारळीकरांच्या भूमिकेवरील खरा आक्षेप येथे आहे, आणि तो त्यांच्याच एका कामातून घेता येतो. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. बुद्धिमान आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना देऊन त्या ओळखण्यास सांगितले. चाळीसपैकी किमान अठ्ठावीस उत्तरे बरोबर आली तर यश, ही अट आधीच ठरली होती. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणे उडवून मिळाले असते त्याहून थोडी कमीच. या प्रयोगाचे सारे बळ एका गोष्टीत होते : निकष निकालाच्या आधी ठरला होता. आर्प यांच्या जोड्यांत हेच नव्हते. आधी विलक्षण जोडी दिसायची, नंतर तिच्या विलक्षणपणाची शक्यता मोजली जायची. त्रिज्या किती घ्यायची, कोणत्या तेजापर्यंत मोजायचे, एका ओळीत असणे महत्त्वाचे की अंतर, हे सारे चित्र पाहिल्यावर ठरत होते. ज्योतिषांना जी सवलत नारळीकरांनी योग्य रीतीने नाकारली, ती त्यांनी आपल्या मित्रांच्या पुराव्याला दिली. त्यांच्या वैज्ञानिक कारकिर्दीतील ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनी नोंदवायला हवी होती.

'एनजीसी ४२५८'च्या बाबतीत नियतीने आणखी एक थट्टा केली. ज्या १९९५ मध्ये तिच्या शेजारचे क्वासार गाजले, त्याच वर्षी मियोशी आणि सहकाऱ्यांनी तिच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या बाष्पाच्या रेडिओ रेषा मोजून केंद्रातील वस्तुमान सूर्याच्या काही कोटी पट असल्याचे दाखवले. महाकाय कृष्णविवराचा तोवरचा सर्वांत स्वच्छ पुरावा त्याच दीर्घिकेने दिला.

लोखंडाची रेषा

वाद एवढ्यावर संपला असता तर पुनर्वाचनाचे कारण उरले नसते. क्ष-किरणांनी त्याला एक अनपेक्षित कलाटणी दिली. लोखंडाच्या अणूंवर क्ष-किरण आदळले की ६.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची रेषा निघते. 'आस्का' उपग्रहाच्या निरीक्षणांत 'एमसीजी-६-३०-१५' या सक्रिय दीर्घिकेतील ही रेषा, तानाका आणि सहकाऱ्यांच्या १९९५ मधील निबंधानुसार, कमालीची रुंद आणि कमी ऊर्जेच्या बाजूला लांब ओघळलेली दिसली. चकतीतील वायूचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे एक-तृतीयांश असावा आणि प्रकाश कृष्णविवराच्या तीव्र गुरुत्वातून बाहेर येताना ऊर्जा गमावत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे ही ताम्रसृती प्रसरणाची नव्हेच. ती गुरुत्वाची आहे.

१९६४ मध्ये ग्रीनस्टीन आणि श्मिट यांनी क्वासारांच्या दृश्य रेषांसाठी गुरुत्वीय ताम्रसृतीची शक्यता नाकारली होती, ती योग्य कारणांनी : त्या रेषा देणारा वायू विरळ आणि विस्तीर्ण आहे. १९६७ मध्ये हॉईल आणि फाउलर यांनी ती शक्यता वेगळ्या रूपात पुन्हा मांडली, तीही टिकली नाही. तीस वर्षांनी क्ष-किरणांत प्रसरणाव्यतिरिक्तची ताम्रसृती सापडली, पण ती प्रसरणजन्य ताम्रसृतीच्या जागी नव्हे, तिच्यावर चढलेली. बाहेरच्या वायूतून येणारी लोखंडाची अरुंद रेषा दीर्घिकेच्या ताम्रसृतीवरच बसते. आतली रुंद रेषा तिच्या पायथ्याशी पसरते. एकाच वर्णपटात दोन्ही ताम्रसृती शेजारीशेजारी वाचता येतात. १९९९ च्या ग्रंथाने ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवल्या, त्या निसर्गाने एका रेषेत लिहिल्या होत्या.

मात्र मुख्य प्रवाहाने येथे विजयाचा नगारा वाजवू नये. २००८ मध्ये मिलर, टर्नर आणि रीव्ह्ज यांनी दाखवले की 'एमसीजी-६-३०-१५'चा तोच वर्णपट वाटेतील वायूच्या अर्धवट आडोशानेही समजावता येतो, चकतीच्या अगदी आतल्या कडेला जाण्याची गरज नाही. २०१२ मध्ये गेलेल्या 'नूस्टार'ने जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मोजले. रिसालिटी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'एनजीसी १३६५'साठी रुंद रेषेची बाजू त्या आधारे बळकट केली. मृदू क्ष-किरणांत दिसणाऱ्या अतिरिक्त उत्सर्जनाचाही असाच वाद आहे. ते चकतीवरून परावर्तित झालेले की कोमट वायूच्या वेगळ्या थरातून आलेले? आयुकातील गुलाब देवांगण आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'आर्क ५६४' आणि 'मार्केरियन १०४४' या दीर्घिकांवर याच प्रश्नाचा शोध घेतला होता. २०२३ मध्ये सोडलेल्या जपानच्या 'क्रिझम' उपग्रहाने २०२४ मध्ये 'एनजीसी ४१५१'ची लोखंडाची रेषा अभूतपूर्व बारकाईने उलगडली, तेव्हा तथाकथित अरुंद रेषेतही वेगवेगळ्या अंतरांवरून आलेले घटक आढळले. वर्णपटाशी प्रतिरूप जुळले म्हणजे भौतिकी समजली, असे नव्हे. दोन प्रतिरूपे सारखीच जुळत असतील तर निकाल कोण देणार? ताम्रसृतीच्या वादातून हा धडा मुख्य प्रवाहाने किती घेतला, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

चार नगरे आणि हे नगर

नारळीकरांच्या आत्मचरित्राचे नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. त्या चार नगरांत आपले नगर नाही. पण पुणे येथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि १९८८ मध्ये त्यांनी आयुकाची स्थापना केली ती विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यासाठीच. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, प्रवरानगर येथील भौतिकशास्त्र विभागांत साधने नाहीत ही तक्रार क्ष-किरण खगोलशास्त्रापुरती तरी आता खरी राहिलेली नाही. 'अ‍ॅस्ट्रोसॅट' २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. एकाच स्रोताचे अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी पाहण्याची त्याची क्षमता सक्रिय दीर्घिकांसाठी फार मोलाची. त्याची, तसेच 'चंद्रा' आणि 'एक्सएमएम-न्यूटन' यांची निरीक्षणे ठराविक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. विश्लेषणाची संगणकप्रणाली विनामूल्य असून ती साध्या संगणकावर चालते. खोडदच्या थाळ्या जिल्ह्याच्या शेजारी आहेत. क्ष-किरणांच्या दुर्बिणी कोणाच्याच शेजारी नाहीत, त्यामुळे येथे नगर आणि केंब्रिज यांचे अंतर सारखेच.

अडचण साधनांची नसून प्रश्नांची आहे. उपलब्ध निरीक्षणे उतरवून घ्यायची, तयार प्रतिरूप जुळवायचे आणि आकडे तक्त्यात भरायचे, असे काम वरवर संशोधनासारखे दिसते. केंभावी-नारळीकरांच्या ग्रंथाचा आजचा उपयोग या सवयीवर उतारा म्हणून आहे. त्यातील क्ष-किरणांचे तपशील जुने झाले आहेत, ते बदलून शिकवावेत. अखेरचे विवेचन मात्र अभ्यासक्रमातून वगळण्याची जी सहज प्रवृत्ती असते, ती टाळावी. ते निष्कर्षांसाठी वाचायचे नसून, एखादा दावा कोणत्या आकड्यावर उभा आहे हे शोधण्याच्या सरावासाठी वाचायचे आहे.

पदव्युत्तर वर्गासाठी एक प्रकल्प त्यातूनच निघतो. जर्मन-रशियन मोहिमेतील 'इरोसिटा' दुर्बिणीची, अर्ध्या आकाशातील सुमारे नऊ लाख क्ष-किरण स्रोतांची यादी जानेवारी २०२४ मध्ये खुली झाली. तिच्यातून जवळच्या पन्नास सक्रिय आणि तितक्याच साधारण दीर्घिका घ्याव्यात. त्रिज्या, तेजाची मर्यादा आणि किती फरक आढळल्यास तो मान्य करायचा, हे तिन्ही यादी उघडण्यापूर्वी वहीत लिहून विभागप्रमुखांची सही घ्यावी. मग दोन्ही गटांभोवतीचे स्रोत मोजावेत. 'एनजीसी ४२५८' त्या अर्ध्या आकाशात येत नाही. प्रकल्पाच्या दृष्टीने ते बरेच आहे, कारण ज्या दीर्घिकेवरून तर्क सुचला तिलाच पुन्हा मोजण्याचा मोह विद्यार्थ्यांना होणार नाही.